विश्व पसरते, मग मुंबई लांब जाते का?



रात्री धरणाच्या बाजूला तोंड करून अंगणात झोपलं की वर चांदण्याच चांदण्या दिसतात. काल होत्या तशाच आज. कोणी हललेली दिसत नाही. पण शास्त्रज्ञ सांगतात की आपलं विश्व पसरत आहे. हे कसं काय? डोळ्यांना तर काहीच दिसत नाही! हे मला कसं समजलं ते मी आज सांगणार आहे. समजायला मला दोन महिने लागले. तुम्हाला एवढा वेळ लागणार नाही, कारण चुका मी अगोदरच करून ठेवल्या आहेत.

गेल्या पावसाळ्यात एके दिवशी परिपाठाला गुरुजींनी फळ्यावर 'आजची माहिती' लिहिली. 'विश्व सतत पसरत आहे. दूरच्या दीर्घिका आपल्यापासून लांब लांब जात आहेत.' सगळ्यांनी ते वहीत उतरवून घेतलं. मीही घेतलं. पण माझ्या मनात भलतंच आलं.

माझे बाबा मुंबईत एका गोदामात हमालीचं काम करतात. मी पहिलीत होते तेव्हा ते दर पंधरा दिवसांनी घरी यायचे. आता गणपतीला, दिवाळीला आणि जत्रेला येतात. आजी म्हणते, "मुंबई लई लांब झाली गं बाय आताशा." मला वाटलं, आजी म्हणते ते खरंच असेल. विश्व पसरतंय म्हणजे भाटघर आणि मुंबई यांच्यामधला रस्ता पण वाढत असणार. म्हणून बाबांना यायला जमत नसेल.

दुसऱ्या दिवशी मी उभी राहून विचारलं, "गुरुजी, विश्व पसरतं तर मुंबई पण लांब जाते का?" सगळा वर्ग हसला. आमचा वर्गनायक तर बाक वाजवून हसला. गुरुजी मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, "हसू नका रे. प्रश्न चांगला आहे. ज्याला याचं उत्तर येतं त्यानं हसावं." मग सगळे गप्प बसले. गुरुजी म्हणाले, "आपण हे करून बघू. चला मैदानावर."

कवायतीचा प्रयोग

मैदानावर आम्ही दहा जण एका ओळीत उभे राहिलो. दोघांमध्ये एक पाऊल अंतर. गुरुजी म्हणाले, "तुम्ही दहा म्हणजे दहा दीर्घिका."

दीर्घिका म्हणजे काय ते आधी सांगते. ताऱ्यांचा मोठा समूह म्हणजे दीर्घिका. आपला सूर्य ज्या दीर्घिकेत आहे तिला आकाशगंगा म्हणतात. आकाशगंगेत दहा हजार कोटींपेक्षा जास्त तारे आहेत. आणि अशा दीर्घिका विश्वात अब्जावधी आहेत.

गुरुजींनी सांगितलं, "मी एक ते पाच आकडे मोजीन. पाच म्हणेपर्यंत प्रत्येकाच्या आणि शेजाऱ्याच्या मधलं अंतर दोन पावलं झालं पाहिजे. पहिल्यानं जागचं हलायचं नाही." पहिली मीच होते. एक, दोन, तीन, चार, पाच! माझ्या शेजारची मैत्रीण एकच पाऊल सरकली. तिच्या पुढचा दोन पावलं सरकला. त्याच्या पुढचा तीन. असं करत शेवटच्या दहाव्याला नऊ पावलं जावं लागलं. तो धापा टाकत म्हणाला, "गुरुजी, मलाच का पळवता?"

गुरुजी म्हणाले, "पाहिलंत? वेळ सगळ्यांना सारखीच होती. जो जवळ होता तो हळू गेला. जो लांब होता तो जोरात गेला. कोणी त्याला जास्त ढकललं नाही. मधली सगळी अंतरं सारखीच वाढली, आणि त्याच्या वाट्याला नऊ अंतरं आली. म्हणून तो पळाला."

विश्वातही अगदी असंच आहे. दुप्पट लांबची दीर्घिका दुप्पट वेगानं दूर जाते. तिप्पट लांबची तिप्पट वेगानं. हे एडविन हबल नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९२९ साली कॅलिफोर्नियातल्या माउंट विल्सनवरच्या १०० इंची दुर्बिणीच्या मदतीनं दाखवलं. त्याच्या आधी १९२७ साली बेल्जियममधल्या जॉर्ज लमेत्र यांनी गणितानं हेच सांगितलं होतं. आपलं भाटघरचं धरणही त्याच सुमारास, १९२७-२८ मध्ये बांधून पुरं झालं. म्हणजे इकडे वेळवंडी नदीवर भिंत उभी राहिली, तेव्हाच तिकडे माणसाला कळलं की विश्व पसरतंय. ही गोष्ट आपल्या धरणाच्याच वयाची आहे!

मी लगेच म्हणाले, "गुरुजी, सगळे माझ्यापासूनच लांब गेले. म्हणजे मी विश्वाच्या मधोमध आहे." गुरुजी हसले आणि म्हणाले, "परत उभे राहा." या वेळी पाचव्या मुलाला जागेवर ठेवलं आणि बाकीचे दोन्ही बाजूंना सरकले. तो ओरडला, "माझ्यापासून पण सगळे लांब गेले! मीच मधला!" मग आठव्याला जागेवर ठेवलं. त्यालाही तसंच दिसलं.

म्हणजे जो तो आपल्यालाच मधला समजतो. खरं तर मधला कोणीच नाही. आपण आकाशात बघतो तेव्हा सगळ्या दूरच्या दीर्घिका आपल्यापासून लांब जाताना दिसतात. पण त्यातल्या एखाद्या दीर्घिकेवरून कोणी आपल्याकडे पाहिलं तर त्याला आपणच पळताना दिसू.

टिकल्यांचा फुगा

घरी आल्यावर मी एक फुगा घेतला. तो थोडाच फुगवला आणि त्याच्यावर पेननं ठिपके काढले. मग मोठा फुगवला. ठिपके एकमेकांपासून लांब गेले. पण एक गंमत झाली. ठिपके स्वतःच मोठे झाले! सगळे भोपळ्यासारखे फुगले. मला वाटलं, झालं! म्हणजे आपण पण मोठे होत असणार, शाळा पण, आणि मुंबईचा रस्ता पण.

दुसऱ्या दिवशी फुगा गुरुजींना दाखवला. ते म्हणाले, "हे चुकलं. पेनचा ठिपका रबरावर पसरलेला आहे, म्हणून तो रबराबरोबर ताणला जातो. दीर्घिका तशी नाही. तिच्यातल्या ताऱ्यांना गुरुत्वाकर्षणानं एकमेकांना घट्ट धरून ठेवलं आहे. ठिपक्याऐवजी दुसरं काही लाव."

मी खूप विचार केला. मग आईच्या पाकिटातल्या टिकल्या घेतल्या. (आईला विचारून घेतल्या.) त्या फुग्यावर चिकटवल्या आणि फुगा फुगवला. आता काय झालं? टिकल्या लांब लांब गेल्या, पण टिकली टिकलीएवढीच राहिली! हे बरोबर झालं. टिकली म्हणजे दीर्घिका. दोन टिकल्यांच्या मधलं रबर वाढतं, टिकली वाढत नाही.

आणखी एक लक्षात ठेवा. टिकल्या काही मुंगीसारख्या चालत गेल्या नाहीत. त्या जिथं चिकटवल्या तिथंच आहेत. मधली जागाच वाढली. आणि फुग्याच्या बाबतीत फक्त वरचं रबर बघायचं, आतली हवा मोजायची नाही. फुग्याच्या वरच्या बाजूला मधोमध अशी जागा कुठं सापडते का ते बोट फिरवून बघा. मला सापडली नाही.

ताणलेला साप

आता तुम्ही विचाराल, एवढ्या लांबची दीर्घिका दूर जाते हे कळलं कसं? कोणी टेप घेऊन तर गेलं नाही! हे मला सगळ्यात अवघड वाटलं. म्हणून हळूहळू सांगते.

धरणाच्या काठी बायका धुणं धुतात. पलीकडच्या काठावर कोणी धोपटणं आपटलं तर आधी ते आपटताना दिसतं आणि 'धप्' असा आवाज मागून येतो. कारण आवाजाला पाण्यावरून येईपर्यंत वेळ लागतो. प्रकाशालाही वेळ लागतो, पण तो फारच जोरात धावतो. एका सेकंदात ३ लाख किलोमीटर! तरी सूर्याचा उजेड आपल्याकडे यायला ८ मिनिटं लागतात. दीर्घिका तर इतक्या लांब आहेत की त्यांच्या प्रकाशाला लाखो नाहीतर कोट्यवधी वर्षं लागतात. प्रकाश एका वर्षात जेवढं अंतर जातो त्याला एक प्रकाशवर्ष म्हणतात. ते साधारण साडेनऊ लाख कोटी किलोमीटर भरतं.

प्रकाश हा लाटांसारखा असतो. पाण्यात दगड टाकला की जशा लाटा उठतात, एक उंचवटा, एक खळगा, तशा. आता हा प्रकाश कोट्यवधी वर्षं वाटेत असताना जागाच ताणली जात असेल तर त्याचं काय होईल? तोही ताणला जाईल!

हे बघायला मी आईच्या शिलाई मशीनच्या डब्यातलं रुंद पांढरं इलॅस्टिक घेतलं. त्यावर पेननं नागमोडी साप काढला. पट्टीनं मोजलं तर एका उंचवट्यापासून दुसऱ्या उंचवट्यापर्यंत ५ सेंटिमीटर अंतर होतं. मग आईनं एक टोक धरलं, मी दुसरं ओढलं. इलॅस्टिक दुप्पट झालं तेव्हा उंचवट्यांमधलं अंतर १० सेंटिमीटर झालं. साप तोच, पण लांबट झाला.

निळ्या प्रकाशाच्या लाटा आखूड असतात आणि तांबड्याच्या लांब. म्हणून ताणलेला प्रकाश तांबड्या बाजूकडे सरकतो. याला ताम्रसृती असं नाव आहे. नाव अवघड आहे, पण अर्थ एवढाच की प्रकाश वाटेत ताणला गेला. प्रकाश किती ताणला गेला हे मोजलं की तो निघाल्यापासून विश्व किती पसरलं ते कळतं.

खोडदची चाळणी

हे मोजण्याचं काम आपल्या पुणे जिल्ह्यात चालतं, हे कितीजणांना ठाऊक आहे? माझे मामा नारायणगावला राहतात. तिथून जवळच खोडद नावाचं गाव आहे. तिथं मोठी रेडिओ दुर्बीण आहे. २८ फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिन असतो, तेव्हा ती सगळ्यांना बघायला मिळते. गेल्या वर्षी मामांनी मला तिथं नेलं होतं.

मला वाटलं होतं की दुर्बीण म्हणजे डोळ्याला लावायची नळी. तिथं तर भलीमोठी ताटं आकाशाकडे तोंड करून उभी होती! अशा एकूण ३० तबकड्या आहेत. एकेक तबकडी ४५ मीटर रुंद. आपली सगळी शाळा मैदानासकट तिच्यात बसेल. काही तबकड्या जवळ जवळ आहेत आणि बाकीच्या तीन दिशांना दूरपर्यंत, २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या आहेत. सगळ्या मिळून एका मोठ्या दुर्बिणीसारखं काम करतात.

तबकडी पत्र्याची नाही. ती तारेच्या जाळीची आहे. आरपार आकाश दिसतं. मी मामांना म्हणाले, "मामा, ही तर चाळणी आहे! ह्यातून सगळं गळून जाईल." मामा म्हणाले, "अगं, रेडिओच्या लहरी जाळीच्या भोकांपेक्षा खूप मोठ्या असतात. त्या गळत नाहीत, आपटून वर मधोमध जमा होतात. वारा मात्र गळून जातो, म्हणून तबकडी वादळात टिकते." ही दुर्बीण डॉ. गोविंद स्वरूप या शास्त्रज्ञांच्या पुढाकारानं उभी राहिली. ते २०२० साली वारले.

आता इलॅस्टिकवरचा साप आठवा. विश्वात सगळीकडे हायड्रोजन वायू आहे. त्यातून एक रेडिओ लहर निघते. तिची लांबी ठरलेली असते, २१ सेंटिमीटर. इथला हायड्रोजन असो की लाखो प्रकाशवर्षं दूरचा, निघताना लहर २१ सेंटिमीटरचीच. जसं दुकानातून आणलेली नवी पट्टी ३० सेंटिमीटरचीच असते.

२०२० साली पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातल्या आणि बंगळूरच्या रमण संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी खोडदच्या दुर्बिणीनं फार दूरच्या दीर्घिकांकडे पाहिलं. एकेका दीर्घिकेची लहर फारच क्षीण होती, म्हणून त्यांनी ७,६५३ दीर्घिकांच्या लहरी एकत्र केल्या. जसं एका मुलाचा आवाज नदीपलीकडे जात नाही, पण सगळी शाळा एकदम ओरडली तर जातो. त्या लहरी सरासरी किती लांबीच्या होत्या? सुमारे ४२ सेंटिमीटर! २१ दुणे ४२.

म्हणजे ती लहर निघाली तेव्हापासून आपल्यापर्यंत पोचेपर्यंत विश्व दुप्पट पसरलं. तिला वाटेत सुमारे ८०० कोटी वर्षं लागली. ती निघाली तेव्हा आपली पृथ्वी जन्मली पण नव्हती. खोडदला मी नुसतं मोठं ताट बघून आले होते. त्या ताटात एवढं काय पडतं ते मला इलॅस्टिक ओढल्यावर कळलं.

मग आधी काय होतं?

आमच्या वर्गनायकानं विचारलं, "गुरुजी, आता लांब जातायत तर आधी जवळ असतील ना?" अगदी बरोबर! कवायत उलटी करून बघा. "पाच, चार, तीन, दोन, एक." जो लांब आहे तो जोरात मागं येतो, जवळचा हळू येतो, आणि सगळे एकाच वेळी एकत्र येतात. विश्वाचं गणित असं उलटं मोजलं तर सुमारे १,३८० कोटी वर्षांपूर्वी सगळं एकदम जवळ जवळ, दाट आणि फार तापलेलं होतं. तिथून पसरायला सुरुवात झाली. याला महास्फोट म्हणतात.

पण या नावानं माझी फसगत झाली. मला वाटलं, दिवाळीतल्या सुतळी बॉम्बसारखं एका जागी काहीतरी फुटलं आणि तुकडे उडाले. तसं नाही. बॉम्ब एका जागी फुटतो आणि बाजूला मोकळं अंगण असतं. महास्फोटाला बाजू नव्हती. तो सगळीकडेच झाला, कारण जागाच पसरू लागली. कवायतीत नाही का, कोणी मधे उभं राहून ढकललं नव्हतं.

चूल विझली तरी राखेत हात धरला की ऊब लागते. तशी त्या पहिल्या उष्णतेची थोडीशी ऊब विश्वात अजून शिल्लक आहे. १९६५ साली अमेरिकेतल्या पेन्झियस आणि विल्सन या दोघांनी ती सापडल्याचं जाहीर केलं. ती ऊब आता इतकी निवली आहे की उणे २७० अंश झाली आहे. बर्फापेक्षा कितीतरी थंड! तरी ती मोजता येते.

आपल्या कोल्हापूरला जन्मलेले डॉ. जयंत नारळीकर हे मोठे शास्त्रज्ञ होते. पुण्यात १९८८ साली सुरू झालेल्या 'आयुका' या संस्थेचे ते पहिले संचालक. विश्व पसरतं हे त्यांना मान्य होतं, पण महास्फोट मान्य नव्हता. ते आणि इंग्लंडचे फ्रेड हॉइल म्हणत की विश्वाला सुरुवातच नाही, आणि पसरताना मधल्या जागेत नवं द्रव्य तयार होतं. बहुतेक शास्त्रज्ञ आज महास्फोटाच्या बाजूचे आहेत. तरी नारळीकर सरांनी शेवटपर्यंत प्रश्न विचारणं सोडलं नाही. २०२५ साली ते गेले. गुरुजी म्हणाले, "सगळे एक म्हणत असताना आपल्याला वेगळं वाटलं तर उभं राहून विचारावं. पण गणित मांडून विचारावं." तेव्हा मला जरा बरं वाटलं, कारण मीही उभं राहून विचारलं होतं.

अजूनही शास्त्रज्ञांचं सगळ्या गोष्टींवर एकमत नाही. विश्व आज किती जोरात पसरतंय हे दोन पद्धतींनी मोजलं तर दोन आकडे येतात. कोण बरोबर यावर वाद चालू आहे. आणि १९९८ साली असं आढळलं की पसरण्याचा वेग कमी होत नसून वाढत आहे. का वाढतो, ते अजून कोणालाच नीट सांगता येत नाही.

विश्व पसरतं ते कशात पसरतं?

हा प्रश्न माझ्या मैत्रिणीनं विचारला. घागर भरली की पाणी बाहेर सांडतं, तसं विश्व कुठंतरी बाहेर जात असेल ना?

गुरुजींनी फळ्यावर लिहिलं: १, २, ३, ४, ५ ... आणि विचारलं, "शेवटची संख्या कोणती?" कोणालाच सांगता आली नाही, कारण शेवटची संख्या नसतेच. मग त्यांनी प्रत्येक संख्येला दोनानं गुणलं: २, ४, ६, ८, १० ... म्हणजे नुसता बेचा पाढा! गुरुजी म्हणाले, "आधी दोन शेजाऱ्यांमध्ये एकाचं अंतर होतं. आता दोनाचं झालं. सगळ्या संख्या पसरल्या. पण त्यासाठी बाहेरून जागा आणावी लागली का? नाही. आधीही शेवट नव्हता, आताही नाही."

आम्ही बेचा पाढा दुसरीपासून म्हणतो. त्यात विश्व पसरलेलं आहे हे आम्हाला माहीतच नव्हतं.

मुंबईचं उत्तर

आता माझा पहिला प्रश्न. मुंबई लांब जाते का?

गुरुजींनी मला गणित घातलं. विश्व आजच्या वेगानं १०० कोटी वर्षांत शंभराला सुमारे सात या प्रमाणात पसरतं. भाटघर ते मुंबई साधारण २०० किलोमीटर धरा. समजा हा रस्ता विश्वाबरोबर ताणला गेला असता, तर एका वर्षात किती वाढला असता? गुरुजींच्या मदतीनं मी भागाकार केला. शून्य मोजता मोजता दोनदा चुकले. उत्तर आलं, मिलिमीटरचा सुमारे सत्तरावा भाग. म्हणजे डोक्यावरच्या केसाच्या जाडीपेक्षाही कमी! सत्तर वर्षांनी एक मिलिमीटर. आजीच्या जन्मापासून आतापर्यंत धरलं तर पट्टीवरची एक बारीक रेघ.

पण तेवढीही वाढ होत नाही. कारण भाटघर आणि मुंबई एकाच पृथ्वीवर आहेत. पृथ्वी दगडामातीनं आणि गुरुत्वाकर्षणानं घट्ट बांधलेली आहे. टिकली रबराबरोबर ताणली जात नाही, तशी. पृथ्वी, चंद्र, सूर्य, आपली सगळी आकाशगंगा, हे काहीच विश्वाबरोबर पसरत नाही. फार लांबच्या दीर्घिकांच्या मधली जागा तेवढी पसरते.

एवढंच काय, शेजारच्या दोन दीर्घिका एकमेकींना ओढून जवळही येतात. देवयानी नावाची दीर्घिका २५ लाख प्रकाशवर्षं लांब आहे. बाकी बहुतेक लांब जात असताना ही आपल्याकडे येत आहे! सेकंदाला सुमारे ११० किलोमीटर वेगानं. कवायतीत सगळी ओळ पसरते, पण दोन मित्रांनी हात घट्ट धरले तर ते एकमेकांकडे ओढले जातात, तसं.

दिवाळीला बाबा घरी आले तेव्हा मी त्यांना फुगा, टिकल्या, इलॅस्टिक सगळं दाखवलं. अमावास्येच्या रात्री आम्ही धरणाच्या काठी गेलो. तिथं दिवे नाहीत. गुरुजींनी सांगितल्याप्रमाणे मी आधी शर्मिष्ठा शोधली. तिचे पाच तारे 'एम' या इंग्रजी अक्षरासारखे दिसतात. तिच्या एका टोकाच्या वर थोडं अंतर सोडून कापसाच्या बोंडासारखा पुसट पांढरा डाग दिसतो. तीच देवयानी. सरळ टक लावून बघितलं तर नाहीशी होते, जरा बाजूला बघितलं की दिसते. बाबांना दिसेना. मग मी त्यांचं डोकं धरून फिरवलं आणि त्यांना दिसली.

मी म्हणाले, "बाबा, हा उजेड २५ लाख वर्षांपूर्वी निघालाय." बाबा बराच वेळ वर बघत राहिले. मग मी त्यांना माझा भागाकार सांगितला. म्हणाले, "बाबा, मुंबई लांब जात नाही. मी हिशोब केलाय." बाबा म्हणाले, "न्हाई गं, मुंबई हाय तिथंच हाय. सुट्टी मिळत न्हाई म्हणून यायला हुत न्हाई." मी म्हणाले, "मग सुट्टी मागा." बाबा हसले. म्हणाले, "मागतो."

आजीला पण मी सगळं समजावून सांगितलं. तिनं टिकल्यांचा फुगा हातात घेऊन फिरवून फिरवून पाहिला आणि म्हणाली, "म्हंजी मधी कुणीच न्हाई म्हन की." एवढ्या लवकर तर मलाही कळलं नव्हतं!

मित्रांनो, हा लेख वाचून खरं वाटलं नाही तर स्वतः करून बघा. भित्तिपत्रकाच्या खाली खिळ्याला इलॅस्टिक बांधून ठेवलं आहे आणि त्यावर साप काढलेला आहे. शेजारी पट्टी आहे. ओढून मोजा. पालकांनी पण मोजावं. फक्त जास्त ओढू नका, इलॅस्टिक आईचं आहे आणि ते परत द्यायचं आहे.

— इयत्ता चौथीतील एक विद्यार्थिनी, जिल्हा परिषद प्राथमिक शाळा, भाटघर